दम्यामागचं बुरशीचं प्रथिन ओळखायचं कसं? अर्कापासून फुफ्फुसापर्यंत, एकेक पायरी

ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी सडक्या पाल्यात, कंपोस्टमध्ये, ओल्या पेंढ्यात, कुंडीतल्या मातीत वाढते. तिचे बीजाणू जेमतेम २ ते ३.५ मायक्रोमीटरचे असल्यामुळे नाका-घशात न अडकता फुफ्फुसात खोलवर जातात. आपण सगळेच ते रोज श्वासातून घेतो आणि बहुतेकांना काहीही होत नाही. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत मात्र ही बुरशी ठाण मांडते. शरीर तिच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार करतं, इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी गर्दी करतात, घट्ट तपकिरी बेडका पडू लागतो, आणि उपचार झाले नाहीत तर श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. या आजाराचं नाव ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी ॲस्परजिलोसिस. डॉक्टर त्याला एबीपीए म्हणतात. १९५२ साली इंग्लंडमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. भारतात याचे सुमारे १४ लाख रुग्ण असावेत, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यातल्या अनेकांना एक्स-रेवरचे डाग पाहून आधी क्षयाची औषधं दिली जातात, ही आपल्याकडची जुनी आणि दुःखाची गोष्ट आहे.

या बुरशीचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९,९२६ जनुकं मोजली गेली. म्हणजे जवळजवळ दहा हजार प्रथिनांपैकी नेमकी कोणती प्रथिनं फुफ्फुसात ॲलर्जीचा दाह पेटवतात, हा आपला प्रश्न. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा प्रतिकारशास्त्रात एम.एस्सी. वा पीएच.डी. करणाऱ्यांनी हे काम हाती घेतलं तर ते कोणत्या क्रमाने करावं आणि कुठे घसरायला होतं, ते इथे मांडतो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठाम सांगायची आहे, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. रुग्णाचं आयजीई एखाद्या प्रथिनाला चिकटलं, एवढ्यावरून त्या प्रथिनाने दाह घडवला असं सिद्ध होत नाही. इथे तीन वेगळे प्रश्न आहेत. प्रतिपिंड त्या प्रथिनाला ओळखतं का? त्या ओळखीमुळे पेशी खरोखर कामाला लागतात का? आणि ते प्रथिन एकट्याने, किंवा ते काढून घेतल्यावर, फुफ्फुसातला दाह बदलतो का? अनेक प्रबंध पहिल्या प्रश्नावर थांबतात आणि निष्कर्ष मात्र तिसऱ्याचा लिहितात.

आधी आजार ठरवा, मग प्रथिन शोधा

"बुरशीची ॲलर्जी" हा फार सैल शब्द आहे. उसाच्या जुन्या चिपाडाच्या धुळीने होणारा बॅगॅसोसिस किंवा कुजलेल्या गवताने होणारा शेतकऱ्यांच्या फुफ्फुसाचा आजार यांतही बुरसटलेला माल हेच कारण दिसतं. पण तिथले मुख्य गुन्हेगार थर्मोॲक्टिनोमायसिस, सॅकरोपॉलिस्पोरा यांसारखे जिवाणू असतात, आणि त्या आजारांत आयजीईऐवजी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांचा आणि टी-पेशींचा भाग मोठा असतो. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. अशा रुग्णाच्या रक्तात आयजीईने ओळखलेलं प्रथिन शोधत बसलात तर हाती काहीच लागणार नाही, आणि दोष पद्धतीचा आहे असं वाटत राहील.

एबीपीए घेतलात तर रुग्णांचे गट काटेकोर ठेवा. आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२४ च्या सुधारित निकषांनुसार ॲस्परजिलस फ्युमिगेटसविरुद्धचं आयजीई मिलिलिटरमागे ०.३५ एककं किंवा जास्त आणि एकूण आयजीई ५०० किंवा जास्त लागतं. त्याच्या जोडीला आयजीजी, रक्तात मायक्रोलिटरमागे ५०० वा अधिक इओसिनोफिल आणि सीटी स्कॅनवरच्या खुणा यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी हव्यात. या निकषांच्या कामात चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. आधीच्या, २०१३ च्या निकषांत एकूण आयजीईची मर्यादा १,००० होती. त्यामुळे जुने आणि नवे नमुने एकत्र करणार असाल तर सगळ्यांना एकच निकष पुन्हा लावून घ्या.

गट किमान चार हवेत: एबीपीएचे रुग्ण, ॲस्परजिलसची संवेदनशीलता (म्हणजे तिच्याविरुद्धचं आयजीई) आहे पण एबीपीए नाही असे दमेकरी, बुरशीची ॲलर्जी नसलेले, पण धुळीतल्या माइटची किंवा परागाची असलेले लोक, आणि निरोगी माणसं. तिसऱ्या गटाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. तो का अपरिहार्य आहे, ते इम्युनोब्लॉटच्या, म्हणजे पटलावर उतरवलेली प्रथिनं रुग्णाच्या सीरमने तपासण्याच्या, पायरीवर कळेल.

रक्त घेण्याची वेळ नोंदवा. स्टेरॉइड सुरू झाल्यावर एकूण आयजीई घसरतं. ओमॅलिझुमॅब चालू असेल तर ते औषध आयजीईला बांधून ठेवतं आणि चाचणीतला एकूण आकडा उलट वाढलेला दिसू शकतो. शक्य असेल तर उपचारांपूर्वीचं सीरम घ्या, ते लहान लहान नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा आणि एक नळी एकदाच वितळवा. संस्थेच्या नीती समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती याच टप्प्यावर घ्या. संमतीपत्र मराठीत असावं आणि त्यात "तुमच्या रक्ताचा उरलेला भाग पुढच्या संशोधनासाठी ठेवू का?" हा प्रश्न वेगळा विचारलेला असावा. पुढे नवं प्रथिन सापडलं की जुन्या सीरमकडे परत यावंच लागतं, तेव्हा ही परवानगी नसेल तर काम अडतं.

बुरशी कोणती, आणि कोणत्या वयाची

एएफ-२९३ किंवा सीईए-१० यांपैकी एक सर्वमान्य वाण घ्या, म्हणजे तुमचे निकाल जगातल्या इतरांशी ताडून पाहता येतील. त्यासोबत स्थानिक रुग्णाच्या बेडक्यातून वाढवलेला एखादा वाण ठेवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे तुमचा वाण जमा करून क्रमांक घ्या, म्हणजे नंतर कुणालाही तो मागवता येईल. ओळख पटवताना केवळ आयटीएस या डीएनएच्या भागाच्या क्रमावर विसंबू नका. फ्युमिगेटसच्या जवळच्या भावंड-जाती त्यातून वेगळ्या निघत नाहीत. बीटा-ट्युब्युलिन किंवा कॅल्मोड्युलिन जनुकाचा क्रमही वाचावा लागतो.

आता वयाचा मुद्दा, आणि इथे थोडं थांबायला हवं. झोपलेला बीजाणू, फुगलेला बीजाणू, कोंब फुटलेला बीजाणू आणि पूर्ण वाढलेले तंतू या एकाच बुरशीच्या चार अवस्था असल्या तरी त्यांच्यातली प्रथिनं बरीच वेगळी असतात. ॲस्प एफ १ हे या बुरशीचं सर्वांत गाजलेलं ॲलर्जन. ते झोपलेल्या बीजाणूत जवळजवळ नसतंच; कोंब फुटल्यावर ते बाहेर पडू लागतं. एबीपीएच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत बुरशी उगवते आणि वाढते, त्यामुळे तिथे त्याचं शरीर तंतूंच्या स्रावाला तोंड देत असतं. हवेतले बीजाणू हुंगून दमा चाळवणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. तुमचा अर्क तुमच्या आजाराशी जुळणाऱ्या अवस्थेतला हवा. सगळ्यात चांगलं म्हणजे ३७ अंशांवर वाढवून ५-६ तासांचे फुगलेले बीजाणू, १०-१२ तासांचे कोंब, २४ ते ४८ तासांचे तंतू आणि काही दिवसांनंतरचा गाळलेला द्रव असे वेगवेगळे अर्क करावेत.

माध्यम साधं, कृत्रिम घ्या, झापेक-डॉक्स चालतं. पेप्टोन किंवा यीस्टचा अर्क घातलेल्या माध्यमात बाहेरची प्रथिनं असतात आणि ती तुमच्या जेलवर पट्टे होऊन उमटतात. काहीही न पेरलेलं माध्यम तितकेच दिवस ठेवून त्याचाही अर्क करा. हा कोरा नमुना शेवटच्या प्रयोगापर्यंत सोबत न्यायचा आहे.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. बीजाणूंचं सगळं काम दुसऱ्या वर्गाच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये करा आणि टाकाऊ माल १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा. दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे काम देऊ नये. मार्गदर्शकांनी हे स्वतः विचारावं, विद्यार्थ्याने सांगण्याची वाट पाहू नये.

अर्क काढणं

तंतू गाळून, थंड फॉस्फेट बफरने धुऊन, द्रव नायट्रोजनमध्ये खलात वाटा. बुरशीची भिंत चिवट असते. बारीक पीठ होईपर्यंत वाटलं नाही तर आतली प्रथिनं बाहेर येतच नाहीत. ते पीठ बफरमध्ये ४ अंशांवर काही तास हलवत ठेवा, १५,००० जी बलावर सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा स्वच्छ द्रव घ्या. मग ३.५ किलोडाल्टनच्या पटलातून डायलिसिस. ही पायरी क्षारांइतकीच ग्लायोटॉक्सिनसाठीही महत्त्वाची आहे. हे विष फक्त ३२६ डाल्टनचं असतं आणि पेशींना मारतं; ते अर्कात राहिलं तर पुढे पेशींवरच्या प्रयोगात तुम्ही विषाचा परिणाम मोजाल आणि नाव प्रथिनाचं लिहाल.

प्रोटिएज या, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या, एन्झाइमांचा घोळ इथेच सुरू होतो. बुरशी ती भरपूर सोडते आणि अर्क बाहेर ठेवला तर ती इतर प्रथिनांचे तुकडे करतात. म्हणून सगळे पीएमएसएफ आणि इतर रोधकं घालतात. ब्लॉटसाठी ते योग्यच आहे. पण फुफ्फुसाच्या प्रयोगात ही एन्झाइमं जिवंत असणं हाच कदाचित मुद्दा ठरेल, आणि पीएमएसएफने सेरीन प्रोटिएज कायमचे निकामी होतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून दोन अर्क करा, एक रोधकांसह आणि एक त्यांच्याविना. दोन्हींवर स्वच्छ चिठ्ठ्या लावा आणि लगेच गोठवा.

प्रथिनाचं प्रमाण मोजून झालं की एंडोटॉक्सिन मोजा. जिवाणूंच्या भिंतीतलं हे द्रव्य पाण्यातून, काचेच्या भांड्यांतून, कुठूनही येतं. नेहमीच्या लिम्युलस चाचणीत बुरशीचं बीटा-ग्लुकान खोटा होकार देतं, म्हणून ग्लुकान रोखणारा बफर किंवा फक्त फॅक्टर-सी वापरणारी चाचणी घ्या.

इम्युनोब्लॉट

प्रथिनं आधी समविद्युत बिंदूनुसार आणि मग वजनानुसार अशी दोन दिशांनी वेगळी करा. पहिल्या दिशेला पीएच ३ ते १० ची पट्टी, दुसऱ्या दिशेला १२ टक्क्यांचं जेल. बुरशीच्या अर्कातल्या साखरेच्या साखळ्यांमुळे ठिपक्यांऐवजी रेघोट्या उमटतात. आधी टीसीए-ॲसिटोनने प्रथिनं साकळवून घेतली की चित्र निवळतं. एकसारखी दोन जेल चालवा. एकावरची प्रथिनं पीव्हीडीएफ पटलावर उतरवा आणि दुसरं रंगवून ठिपके कापण्यासाठी ठेवा.

पटल रुग्णाच्या सीरममध्ये भिजवताना आयजीई किती थोडं असतं हे लक्षात ठेवा. एकूण आयजीई १,००० एककं असलं तरी ते मिलिलिटरला सुमारे २.४ मायक्रोग्रॅम भरतं. त्याच सीरममध्ये आयजीजी साधारण १० मिलिग्रॅम, म्हणजे हजारो पटींनी जास्त असतं. म्हणून सीरम फार पातळ करून चालत नाही. पाचपट ते वीसपट एवढंच, आणि रात्रभर ४ अंशांवर. एबीपीएच्या रुग्णांत ॲस्परजिलसविरुद्धचं आयजीजीही चढलेलं असतं आणि ते त्याच जागा आधी अडवतं. ठिपका अपेक्षेपेक्षा फिका आला तर प्रोटीन-जी मण्यांनी आयजीजी काढून पुन्हा करून पाहा.

आता कंट्रोल. या पायरीवरचं माझं मत कठोर आहे: कंट्रोलशिवायचा ब्लॉट कुणालाही दाखवू नये. सीरम न घालता फक्त दुसरं प्रतिपिंड (चिकटलेलं आयजीई दाखवणारं, खूण लावलेलं) लावलेलं पटल हवं. निरोगी माणसाचं सीरम लावलेलं हवं. आणि तिसऱ्या गटातल्या, म्हणजे एकूण आयजीई खूप चढलेलं पण बुरशीची ॲलर्जी नसलेल्या माणसाचं सीरम लावलेलं पटल हवंच हवं. एबीपीएमध्ये एकूण आयजीई हजारोंत जातं आणि एवढं आयजीई पटलावर असंबद्धपणे चिकटू शकतं. निरोगी माणसाच्या तुटपुंज्या आयजीईशी तुलना केली तर प्रत्येक ठिपका खराच वाटेल.

साखरेच्या साखळ्यांना चिकटणाऱ्या आयजीईचाही बंदोबस्त करा. आम्लधर्मी बफरमधल्या सोडियम मेटापीरिओडेटने एक पटल धुऊन मग सीरम लावा. जो ठिपका नाहीसा होतो तो बहुधा साखरेमुळे होता, आणि असं आयजीई प्रत्यक्ष लक्षणं देतंच असं नाही.

शेवटी या पद्धतीची मर्यादा. जेलवर प्रथिनं उलगडून सरळ होतात. घडीच्या आकारावर अवलंबून असलेली प्रतिपिंडं अशा सरळ प्रथिनाला ओळखत नाहीत, म्हणून ब्लॉटवर न दिसलेलं प्रथिन यादीतून लगेच बाद करू नका. मूळ घडीतला अर्क रुग्णाच्या आयजीईने गळाला लावून खेचून घ्यावा, हा एक पर्याय. दुसरा पर्याय फाज डिस्प्लेचा: बुरशीची हजारो जनुकं विषाणूंच्या पृष्ठभागावर व्यक्त करून रुग्णाच्या आयजीईने त्यांतले नेमके उचलायचे. स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला रेटो क्रामेरी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याच वाटेने ॲस्परजिलसची अनेक ॲलर्जनं शोधली.

ठिपक्याला नाव देणं

ठिपका कापा, ट्रिप्सिनने तोडा, मास स्पेक्ट्रोमीटरवर तुकडे वाचा आणि फ्युमिगेटसच्या प्रथिनांच्या यादीशी जुळवा. किमान दोन वेगळे, फक्त त्याच प्रथिनाचे तुकडे जुळल्याशिवाय नाव लिहू नका. शोधयादीत माणसाचं केराटिन आणि ट्रिप्सिन टाकून ठेवा, नाहीतर बोटांवरची त्वचा बुरशीचं प्रथिन म्हणून नोंदली जाईल. एका ठिपक्यात दोन-तीन प्रथिनं असणं नेहमीचंच आहे. त्यांतलं सर्वांत विपुल तेच ॲलर्जन असं गृहीत धरू नये.

आधीच ओळखलेल्या ॲलर्जनांशी ताडून पाहा. ॲस्प एफ १ हे १८ किलोडाल्टनचं, रायबोसोम निकामी करणारं प्रथिन आहे. ॲस्प एफ २ सुमारे ३७ किलोडाल्टनचं असून ते फायब्रिनोजेनला चिकटतं. ॲस्प एफ ३ पेरॉक्सिसोममधलं, ॲस्प एफ ५ धातूवर चालणारं प्रोटिएज, ॲस्प एफ ६ मँगॅनीज सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, ॲस्प एफ १३ सेरीन प्रोटिएज. तुमच्या यादीत यांतली ओळखीची नावं आली तर निराश होऊ नका. तुमचा अर्क आणि सीरम दोन्ही नीट काम करत असल्याचा तो पुरावा आहे.

शुद्ध प्रथिन बनवा

जनुक ई. कोलायमध्ये घालून, हिस्टिडिनची शेपूट लावून, निकेलच्या स्तंभावर प्रथिन शुद्ध करा. मूळ प्रथिनावर साखरेच्या साखळ्या असतील किंवा ते नीट घडी घेत नसेल तर पिकिया या यीस्टकडे वळा. घडी योग्य आहे का ते सर्क्युलर डायक्रोइझमने पाहा. एन्झाइम असेल तर त्याचं काम मोजा. काम करत असेल तर घडीची चिंता बरीच मिटते. ई. कोलायमधून आलेलं एंडोटॉक्सिन ट्रायटन एक्स-११४ ने काढा आणि मायक्रोग्रॅममागे ०.१ एककाच्या खाली आणण्याचं ध्येय ठेवा.

प्रत्येक एन्झाइमाची दुसरी, सक्रिय जागेत एकच बदल करून निकामी केलेली आवृत्ती याच वेळी बनवून ठेवा. पुढे हिच्याइतकं उपयोगी काही नाही. ॲस्प एफ १ पेशींना मारतं, त्यामुळे पेशींच्या प्रयोगात त्याची मूळ आवृत्ती वापरलीत तर मेलेल्या पेशी मोजाल.

उसनी ओळख

एन्झाइमं, रायबोसोमची प्रथिनं आणि एनोलेज यांसारखी गृहकृत्यं करणारी प्रथिनं उत्क्रांतीत फारशी बदललेली नाहीत. म्हणून पेनिसिलियमविरुद्ध तयार झालेलं आयजीई ॲस्परजिलसच्या सेरीन प्रोटिएजलाही ओळखू शकतं. ॲस्प एफ ६ चं उदाहरण तर विलक्षण आहे: त्याच्याविरुद्धचं आयजीई माणसाच्या स्वतःच्या मँगॅनीज डिस्म्युटेजलाही चिकटतं.

हे तपासायला इनहिबिशन एलायझा करा. सीरममध्ये आधी पेनिसिलियम, अल्टर्नेरिया, क्लॅडोस्पोरियम यांचे अर्क वाढत्या मात्रेत मिसळायचे आणि मग तुमच्या प्रथिनाला किती आयजीई चिकटतं ते पाहायचं. दोन्ही दिशांनी करा. पेनिसिलियमने ॲस्परजिलसचं बंधन पूर्ण थांबलं पण उलट झालं नाही, तर मूळ संवेदना पेनिसिलियमची असण्याची शक्यता जास्त. केवळ दोन्ही चाचण्या होकारार्थी आल्यावरून हा निर्णय करता येत नाही.

पेशी काय म्हणतात

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे ओळखीमुळे पेशी कामाला लागतात का हे पाहण्यासाठी, बेसोफिल या आयजीई धरून ठेवणाऱ्या रक्तपेशींची ॲक्टिव्हेशन चाचणी घ्या. रुग्णाचं हेपरिनमधलं ताजं रक्त, त्यात तुमचं प्रथिन वेगवेगळ्या मात्रांत, ३७ अंशांवर १५ ते ३० मिनिटं, आणि मग फ्लो सायटोमीटरवर सीडी-६३ किती पेशींवर उमटलं ते मोजायचं. आयजीईविरोधी प्रतिपिंड हा होकारार्थी कंट्रोल. काही माणसांच्या बेसोफिल पेशी त्यालाही दाद देत नाहीत. अशांचा निकाल "नकार" म्हणून न धरता बाजूला ठेवायचा. रुग्णालय लांब असेल आणि ताजं रक्त वेळेत पोचत नसेल तर माणसाचा आयजीई-ग्राही बसवलेल्या आरबीएल पेशींना रुग्णाचं गोठवलेलं सीरम लावून हीच चाचणी करता येते.

टी-पेशींचा भाग अवघड आहे, पण तो टाळू नये. आयजीई ज्याला ओळखतं त्याच प्रथिनाला टी-पेशी ओळखतील असं नाही, आणि फुफ्फुसात इओसिनोफिल बोलावणारे आयएल-५, आयएल-१३ हे संदेश टी-पेशींकडून येतात. प्रथिनाचे १५ अमिनो आम्लांचे, एकमेकांवर सरकलेले तुकडे बनवून घ्या, रक्तातल्या पेशींना द्या आणि काही तासांनी सीडी-१५४ दाखवणाऱ्या पेशी निवडा. इथेही उसन्या ओळखीचा प्रश्न आहेच. जर्मनीतल्या एका गटाने २०१९ मध्ये दाखवलं की ॲस्परजिलसला ओळखणाऱ्या टीएच-१७ या प्रकारच्या टी-पेशींपैकी पुष्कळशा मुळात कॅन्डिडा अल्बिकन्स या दुसऱ्या बुरशीविरुद्ध घडलेल्या असतात. म्हणून कॅन्डिडातल्या समान प्रथिनाचे तुकडे कंट्रोल म्हणून शेजारी ठेवा.

उंदराचं फुफ्फुस

संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मान्यता आल्यावरच तिसरा प्रश्न, म्हणजे प्रथिनामुळे फुफ्फुसातला दाह बदलतो का हा, हाती घेता येतो. तुरटी मिसळलेलं प्रथिन सुईने पोटात टोचून नंतर नाकात थेंब टाकण्याची जुनी पद्धत इथे वापरू नका. तुरटीसोबत दिलं तर अंड्याचं पांढरं प्रथिनही उंदराला ॲलर्जी देतं, मग तुमच्या प्रथिनात स्वतःचं काय आहे ते कळणारच नाही. फक्त नाकावाटे, आठवड्यातून दोन-तीनदा, तीन-चार आठवडे द्या. शेवटच्या मात्रेनंतर २४ ते ७२ तासांनी फुफ्फुस धुऊन इओसिनोफिल मोजा, श्लेष्मा रंगवा, आयएल-४, ५, १३ मोजा आणि शक्य असेल तर श्वासनलिकेचा प्रतिरोधही.

गट असे हवेत: फक्त बफर, कोऱ्या माध्यमाचा अर्क, पूर्ण अर्क, शुद्ध प्रथिन, निकामी आवृत्ती, आणि शुद्ध प्रथिनात सापडलं तेवढंच एंडोटॉक्सिन एकटं. हा शेवटचा गट गाळू नका. एंडोटॉक्सिन थोड्या मात्रेत इओसिनोफिलांचा दाह वाढवतं आणि जास्त मात्रेत चित्र न्यूट्रोफिलांकडे झुकवतं, त्यामुळे त्याने निकाल दोन्हीकडे बिघडू शकतो.

निकामी आवृत्तीने दाह झाला नाही आणि मूळ आवृत्तीने झाला, तर त्या प्रथिनाचं प्रोटिएजपण कामाचं ठरतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असाच एक मार्ग पुढे आला होता: बुरशीची प्रोटिएज फायब्रिनोजेन तोडतात आणि त्या तुकड्यांमुळे टीएलआर-४ या पेशींवरच्या ग्राहीमार्गे श्वासनलिकेत ॲलर्जीची प्रतिक्रिया पेटते. अशा वेळी ते प्रथिन दाह पेटवणारं असेल, पण आयजीईचं लक्ष्य दुसरंच असू शकेल. दोन्ही भूमिका निबंधात वेगवेगळ्या लिहा.

याच्या उलट दिशेचा पुरावा सर्वांत भक्कम: बुरशीतून ते जनुकच काढून टाका आणि त्या वाणाने दाह कमी होतो का पाहा. नंतर जनुक परत बसवलेला वाणही तपासा, म्हणजे फरक दुसऱ्याच एखाद्या बदलामुळे नव्हता हे कळेल. दाह तसाच राहिला, तर त्याचा अर्थ ते प्रथिन निरुपयोगी असा लगेच काढू नका. जवळची एन्झाइमं एकमेकांची जागा भरून काढतात, म्हणून दोन जनुकं एकदम काढावी लागतात.

पुन्हा रुग्णांकडे

ज्या सीरमवर शोध लावला त्याच सीरमवर प्रथिनाची कसोटी घेऊ नका. दुसऱ्या रुग्णालयातले, दुसऱ्या वर्षीचे रुग्ण घ्या; तपासणाऱ्याला गट माहीत नसावेत. आणि प्रश्न नेमका विचारा: हे प्रथिन ॲस्परजिलसची संवेदनशीलता दाखवतं, की एबीपीए वेगळा काढतं? ॲस्प एफ १ आणि ३ विरुद्धचं आयजीई साध्या संवेदनशीलतेतही दिसतं, तर ॲस्प एफ २, ४ आणि ६ एबीपीएकडे जास्त झुकतात. ही पाचही प्रथिनं सुटी मोजण्याच्या चाचण्या आज बाजारात मिळतात. तुमचं नवं प्रथिन या पाचांपेक्षा काही जास्त सांगतं का, ते त्यांच्या शेजारी ठेवूनच मोजा.

जास्त सांगत असेल, तर निबंध पाठवण्याआधी जागतिक आरोग्य संघटना आणि आययूआयएस (प्रतिकारशास्त्र संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ) यांच्या ॲलर्जन-नामकरण उपसमितीकडे अर्ज करा. त्यांना प्रथिनाचा क्रम, शुद्धीकरणाचा तपशील आणि किमान पाच रुग्णांच्या किंवा तपासलेल्यांपैकी पाच टक्क्यांच्या सीरममधल्या आयजीईने ते ओळखल्याचा पुरावा लागतो. क्रमांक तीच समिती देते. स्वतः ठरवलेला "ॲस्प एफ" क्रमांक निबंधात छापू नये. अर्जासोबत कंट्रोलचे ब्लॉटही जोडा, कारण पहिली विचारणा त्यांचीच होते.